वरचं पाणी

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काढलेला तो व्हिडिओ जेमतेम मिनिटभराचा होता. पण पुढच्या रविवारपर्यंत तो न बघितलेला माणूस नांदरखेडकर राजेंच्या गोतावळ्यात शोधून सापडला नसता. पुण्याच्या व्याह्यांनी बघितला. नाशिकच्या मावससासूबाईंनी बघून आणखी चार जणींना पाठवला आणि मग शिवराजला फोन करून 'हे काय बाई ऐकतेय' म्हणून विचारलं. छावणीच्या बाजारातून शहरातल्या बंगल्यावर भाजी देणाऱ्यानंही बघितला. राहिले होते एकटे आबासाहेब. व्हिडिओत सगळ्यात जास्त तेच दिसत होते, पण त्यांच्याजवळ बटणांचा फोन होता आणि त्यांना दाखवायची घरात कुणाची छाती होत नव्हती.

शेवटी रविवारी सकाळी अमृतानं दाखवला. व्हिडिओत तीही होती म्हणून असेल. आजोबांच्या शेजारी, आजीची जांभळी पैठणी नेसून, दोन्ही हातांनी तांब्याचा हंडा धरून ती उभी होती. राज्यसेवेची परीक्षा देऊन नायब तहसीलदार म्हणून तिची निवड झाली होती, आणि यंदा हंडा नातच धरणार असा आबासाहेबांनी हट्ट धरला होता. राजेंच्या घरात राज्यसेवा आली, हे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवत होते. आता त्या हंड्याखाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'होणाऱ्या मॅडम बघून घ्या, उद्या तुमच्या दाखल्यावर यांचीच सही.'

आबासाहेबांनी चष्मा चढवला आणि मोबाइल हातभर लांब धरला. नांदरखेडच्या बारवेचा दगडी ओटा, ओट्यावर फेटा बांधलेले ते स्वतः, हातात पितळी तांब्या. खाली गल्लीत माणसांची रांग, रांगेत पहिला कचरू. कचरूनं वाकून ओंजळ तोंडाला लावली, वरून धार सुटली आणि त्याच्या कोपरांवरून ओघळून सदऱ्याच्या बाह्यांत शिरली. "पी कचरू, पी, पोटभर पी," असा त्यांचाच आवाज आला.

"चांगलं काढलंय की," आबासाहेब म्हणाले. ते मनापासून बोलत होते. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी त्यांची नजर खालच्या मोठ्या पिवळ्या अक्षरांवर गेली. 'राजेंचं वरचं पाणी.'

"वरचं म्हणजे?"

"त्या चॅनलवाल्यांनी तसं नाव दिलंय, आबा."

"त्याला नाव आहे. ओंजळीचा मान. कुणी येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आणि चॅनल कुणाचं, असं त्यांनी विचारल्यावर अमृतानं खाली बघत सांगितलं, की रूपाचं. कचरूबाची नात. उस्मानपुऱ्याच्या अभ्यासिकेत दोघी वर्षभर शेजारी बसलेल्या. अमृता परीक्षा देत राहिली आणि रूपानं परीक्षा सोडून मोबाइलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बातम्यांचं चॅनल काढलं. आबासाहेबांनी चष्मा उतरवला. कचरूची नात, एवढंच ते म्हणाले.

ओंजळीच्या मानाची गोष्ट त्या घरातल्या प्रत्येक पोराला वरणभातासोबत भरवली जाई. निजामाच्या राजवटीतला दुष्काळ. गावच्या विहिरी आटलेल्या, राजेंच्या पायऱ्यांच्या बारवेला तेवढं पाणी. गावकुसाबाहेरचा केरबा घागर घेऊन बारवेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तेव्हा थोरले राजे, म्हणजे आबासाहेबांचे आजोबा, ओट्यावर आले आणि म्हणाले, "तू कशाला उतरतोस, मीच पाजतो." जहागीरदारानं त्या काळात स्वतःच्या हातानं, सगळ्या गावाच्या आधी, केरबाला पाणी पाजलं. तेव्हापासून दर आखितीला घरचा कर्ता ओट्यावरून सगळ्यांना पाणी पाजी आणि पहिली ओंजळ केरबाच्या घराची असे. थोरल्या राजेंच्या त्या वाक्यापाशी आलं की आबासाहेबांचा आवाज हटकून भरून येई. जहागीर गेली, कूळकायद्यात जमिनी गेल्या, 'राजे' हा किताब रेशनकार्डावर आडनावाच्या जागी जाऊन बसला, तरी हा एक दिवस राहिला होता. तुम्ही कोण, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी या दिवसाकडे बोट दाखवलं असतं.

*

शिवराजनं दुपारच्या जेवणानंतर टेबलावरच निवेदन वाचून दाखवलं. आबासाहेबांचा हा एकुलता एक मुलगा काही वाईट माणूस नव्हता. लोकांच्या लग्नाला, मयताला, दवाखान्याला तो हजर असे आणि त्यालाच समाजसेवा समजत असे. त्यात त्याची अगदीच चूक होती असंही नाही. पण पंचवीस वर्षं सतरंज्या उचलून यंदा कुठे जिल्हा परिषदेचं तिकीट नजरेच्या टप्प्यात आलं होतं, आणि काल पक्षातून फोन आला होता की मॅटर दोन दिवसांत मिटवा, नाहीतर यादीत नाव ठेवणं अवघड आहे. म्हणून त्यानं चार वाजता पत्रकारांना बंगल्यावर बोलावलं होतं. आबांनी फक्त निवेदन वाचायचं, बाकी तो बघून घेणार होता.

निवेदनात ओंजळीच्या मानाची गोष्ट होती, समतेची परंपरा होती आणि शेवटी असं होतं, की 'वरचं पाणी' हा शब्द सदर चॅनलनं समाजात दुही माजवण्याच्या हेतूनं स्वतः तयार केला असून त्याबद्दल आजच पोलिसांत तक्रार देण्यात येत आहे.

लीलाबाईंना हे मवाळ वाटलं. त्या आबासाहेबांच्या धाकट्या बहीण, नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेल्या, आणि माहेरच्या इज्जतीचा विषय निघाला की माहेरच्या माणसांपेक्षा कडक. थोरल्या राजेंची अशी बेअदबी त्यांच्या देखत झाली नव्हती, असं त्यांनी दोनदा सांगितलं. अमृताची आई नवऱ्याच्या बाजूनं होती. पोरीची नोकरी लागायच्या आधीच हे निस्तरलं पाहिजे, एवढंच तिला दिसत होतं. अमृता एकटी पडली.

"तक्रार दिली तर रूपा संपेल, पप्पा. तिच्या मागं कोण आहे?"

"तिनं विचार करायला पाहिजे होता."

"पण शब्द तिनंच बनवला, हे आपल्याला कसं माहीत?"

"मग आला कुठून?" शिवराज म्हणाला. "मी पन्नास वर्षांत ऐकला नाही. आबा, तुम्ही ऐकलाय कधी?"

आबासाहेबांनी मान हलवली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीच ऐकलेला नव्हता. मुद्दा बिनतोड होता. लीलाबाई मात्र ताक आणते म्हणून उठल्या, आणि ताक तर केव्हाच वाढून झालं होतं.

"कचरूला बोलवा," आबासाहेब म्हणाले. "तो सांगेल काय खरं ते."

शिवराजनं कचरूबांना सकाळीच बोलावलेलं होतं. पैठणहून ते एसटीनं निघालेही होते. त्यांनी आबांच्या शेजारी बसायचं आणि विचारलं की 'व्हय' म्हणायचं, एवढाच त्याचा बेत होता. नातीच्या विरुद्ध आजा बोलला की मॅटर तिथेच संपतं, हे त्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

*

कचरूबा रिक्षातून उतरले तेव्हा फाटकाबाहेर चार-पाच जण कॅमेरे लावत होते आणि त्यांच्यापासून जरा बाजूला, कडुलिंबाखाली, रूपा आपला स्टँड उघडत होती. आजा इथं येणार हे तिला माहीत नव्हतं. ती पुढं आली आणि हळूच म्हणाली, की आजा, तुम्ही काय पण बोला, माझं बघून बोलू नका. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

त्यांची सगळी नोकरी जायकवाडीच्या दरवाज्यांवर झाली होती. धरण भरलं की साहेबाचा हुकूम यायचा आणि कचरूबा दरवाजे उचलायचे. जिल्ह्याजिल्ह्यांचं पाणी त्यांच्या हाताखालून गेलं होतं. निवृत्त होऊनही वीस वर्षं उलटली. पेन्शन होती, पैठणला घर होतं, कुणाच्या दारात जायची गरज नव्हती. तरी दर आखितीच्या आदल्या दिवशी आबासाहेबांचा फोन यायचा, आणि ते धुतलेला सदरा घालून नांदरखेडला जायचे.

त्यांना सोफ्यावर बसवलं, सगळ्यांना दिलं त्याच ग्लासात पाणी दिलं. या घरात भेद पाळत नाहीत याचा घराला अभिमान होता, आणि तो खराही होता. शिवराजनं त्यांच्याजवळ बसून निवेदन सावकाश वाचलं. कचरूबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यात एक खोटं हाय," ते म्हणाले.

"कोणतं?"

"पोरीनं शब्द बनवला म्हणून लिव्हलंय. तो तिनं नाय बनवला."

"मग कुणी बनवला?"

"ते मला बी ठावं नाय. आमच्या घरात त्या दिवसाला दुसरा शब्दच नाय. माझी माय मनकर्णाबाई म्हणायची, आखिती आली, वरचं पाणी प्यायला जायचंय, सदरा धुऊन ठिव. रूपानं ते पाळण्यात असल्यापून ऐकलंय."

आबासाहेब पुढं झुकले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, समजत नसलेल्या माणसाचा होता. ते म्हणाले, कचरू, अरे ओंजळीचा मान म्हणतात त्याला. थोरल्या राजेंनी तुझ्या आज्याला सगळ्यांच्या आधी पाणी पाजलं. तुझा आजा पाणी मागायला आला होता.

"मागाया नाय, आबासाहेब. भराया." कचरूबांनी दोन्ही हात कमरेजवळ आणून न दिसणारी घागर धरली. "घागर व्हती त्याच्याकडं. घरी लेकरं व्हती तहानलेली. त्याला पायऱ्या उतरून घागर भरायची व्हती. तवा थोरले राजे ओट्यावर आले न् म्हणले, तू कशाला उतरतोस, मीच पाजतो."

वाक्य तेच होतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नव्हतं. ऐंशी वर्षं ज्या वाक्यावर आबासाहेबांचा गळा भरून आला, ते वाक्य पैठणच्या त्या घरातही पिढ्यान् पिढ्या सांगितलं जात होतं, आणि ते का सांगितलं जात होतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"आणि घागर?" त्यांनी विचारलं.

"रिकामीच आणली माघारी. ओंजळीतलं पाणी घरी नेता येत नाय."

शिवराजनं मध्येच काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण लीलाबाई बोलल्या. दारात उभ्या राहून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, की शब्द खरा आहे, दादा. मी ऐकलाय. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना धुण्याला येणारी भामाबाई तो शब्द बोलली होती. त्यांनी तो घरात येऊन आईसाहेबांना विचारला, तेव्हा आईसाहेबांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि सांगितलं, की हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही. त्यांनी काढला नाही. इतका काढला नाही, की पुढं आपण तो ऐकलाय हेही त्यांना आठवेनासं झालं. आज दुपारी आठवलं.

"आत्या, आता सांगताय?" शिवराज वैतागून म्हणाला. पण तो गडी हार मानणारा नव्हता. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा रस्ता काढला. ठीक आहे, शब्दाचं सोडून देऊ. बाहेर कॅमेरे आहेतच. आबा खाली पायरीवर बसतील, कचरूबा वर उभे राहतील आणि आबांच्या ओंजळीत पाणी ओततील. इतिहास फिरवला, असं दाखवता येईल. रात्रीपर्यंत हाच व्हिडिओ सगळीकडे चालेल. त्याचे डोळे चमकले होते, आणि खरं सांगायचं तर कल्पना त्याच्या धंद्याच्या हिशेबानं चांगलीच होती.

कचरूबा त्याच्याकडे बघत राहिले. हे पोर त्यांच्या खांद्यावर बसून नांदरखेडची जत्रा हिंडलेलं होतं.

"शिवराज, मी वर कशाला उभा राहू?" ते म्हणाले. "आम्हाला कुणाच्या वर उभं राहायचं नव्हतं बाबा. आज्याला खाली उतरायचं व्हतं."

आबासाहेबांनी विचारलं, की मग तू येत का राहिलास? एवढी वर्षं? मला बोलला का नाहीस?

कचरूबा जरा हसले. "तुम्ही लई खूश असायचे त्या दिवशी. लहानपणी संगं चिंचा खाल्ल्या आपण. तुमचं मन मोडू वाटंना."

आबासाहेबांना वाटलं होतं, वर्षातून एकदा ते कचरूसाठी काहीतरी करतात. कोण कुणासाठी करत होतं, ते आत्ता कळलं, आणि त्यांना फार लाज वाटली. ते काठी घेऊन उठले आणि अमृताला म्हणाले, की माझ्याबरोबर मागं चल.

*

मागच्या अंगणात स्वयंपाकघराच्या पायऱ्या उतरून आलं की छपराखाली माठ होता. आबासाहेब खालच्या फरशीवर उभे राहिले आणि त्यांनी नातीला तांब्या भरून वरच्या पायरीवर उभं राहायला सांगितलं. तिला कळलं तशी ती नको म्हणाली. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडून ओंजळ केली. वयानं बोटं नीट मिटत नव्हती.

"ओत."

आयुष्यात त्यांनी हजारो ओंजळी बघितल्या होत्या, पण त्या वरून. आता पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती ही, की वाकल्यावर पाजणाऱ्याचं तोंड दिसत नाही. अमृता त्यांची लाडकी नात, पण तिचं तोंड दिसेना. पायरीवरचे पाय तेवढे दिसत होते. धार आली. थोडं पाणी तोंडात गेलं, थोडं नाकात, बाकीचं कोपरांवरून बाह्यांत. पुरे म्हणावं तर तोंड मोकळं नव्हतं. मान हलवावी तर ओंजळ निसटत होती. किती प्यायचं आणि कधी थांबायचं हे वरच्यानं ठरवायचं होतं. अमृता घाबरून विचारत होती, आबा, थांबू का, थांबू का, आणि त्यांना उत्तर देता येत नव्हतं. 'पी, पोटभर पी,' हे आपण इतक्या लोकांना म्हणालो, आणि एकानंही त्यावर कधी काही उत्तर दिलं नाही, याचं कारण इतकं साधं होतं.

तिनंच तांब्या खाली ठेवला आणि पदर नसल्यानं ओढणीनं त्यांचं तोंड पुसलं. ती रडत होती. ते रडत नव्हते. त्यांनी ओला सदरा बदलायचा नाही म्हणून सांगितलं.

*

चार वाजता हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. शिवराजनं शेवटचा प्रयत्न म्हणून निवेदन त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी मांडीवर उलटं ठेवलं. पत्रकारांनी बाह्या ओल्या का म्हणून आपसात कुजबूज केली, पण विचारलं कुणी नाही.

ते थोडंच बोलले. आम्ही त्या दिवसाला ओंजळीचा मान म्हणत आलो, ते म्हणाले, आणि जे पाणी प्यायले ते त्याला वरचं पाणी म्हणत आले. दोन्ही नावं तितकीच जुनी आहेत. आम्हाला आमचंच ऐकू येत होतं. या मुलीनं शब्द बनवलेला नाही, तिच्या घरातून ती तो घेऊन आली आहे, आणि तो खरा आहे. तिच्यावर कुणीही तक्रार करणार नाही, या घरातून तर नाहीच.

शिवराज उठून आत गेला. फाटकाशी उभ्या असलेल्या त्याच्या दोन कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेही सावकाश निघाले. अमृता आबासाहेबांच्या खुर्चीमागं उभी राहिली, आणि थोड्या वेळानं लीलाबाईही बाहेर येऊन दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यासमोर उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

एका चॅनलवाल्यानं माइक अमृताकडे वळवला. "मॅडम, तुम्ही आता शासनात जाताय. हंडा तुम्हीच धरला होता ना?"

"हो. धरला होता," ती म्हणाली. "मला त्यात मान वाटला होता. का वाटला, तेच आता मला शिकायचंय." मग तिला वाटलं आपण फार मोठं बोललो, आणि तिनं माइक बाजूला सारला.

आबासाहेब माफी मागतात का, असा प्रश्न आला. ते म्हणाले, मागतो. तेव्हा सगळ्यात मागून रूपानं विचारलं.

"राजेसाहेब, पुढच्या आखितीला काय?"

"पुढच्या आखितीला ओटा रिकामा राहील, बाई. बारवेच्या पायऱ्या मोकळ्या आहेत. ज्याला पाणी पाहिजे त्यानं घागर घेऊन यावं आणि उतरावं." त्यांनी हिरवळीच्या कडेला बसलेल्या कचरूबांकडे बघितलं. "मी आणि कचरूबा बरोबरच उतरू."

ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'कचरूबा' आलं होतं. बाकीच्यांना ते कळायचं कारण नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. सगळे कॅमेरे कचरूबांकडे वळले. त्यांनी हात जोडले.

*

पत्रकार गेले तेव्हा उन्हं कलली होती. आतून शिवराजचा फोनवरचा आवाज येत होता. तो कुणाला तरी समजावत होता, आणि त्याचा आवाज उतरत चालला होता. आबासाहेबांना त्याचंही वाईट वाटत होतं, पण आज त्याच्याजवळ जाऊन बसण्याइतकं बळ त्यांच्यात नव्हतं. ते काठी टेकत कचरूबांना फाटकापर्यंत पोचवायला निघाले. रूपा स्कूटर काढायला पुढं गेली होती.

"आखितीला संगं उतरायचं म्हणालात," कचरूबा म्हणाले.

"हो. बोललो ते करणार."

"माझे गुडघे गेले, आबासाहेब. त्या पायऱ्या आता माझ्यानं व्हायच्या नाय."

आबासाहेब थांबले. पायऱ्या मोकळ्या करून देताना त्यांना हे सुचलंच नव्हतं. कचरूबा ज्या वयात त्या उतरले असते, ते वय ओट्याखालच्या रांगेत निघून गेलं होतं, आणि ते परत देता येण्यासारखं नव्हतं.

"रूपा उतरंल," कचरूबा म्हणाले. "घागर घेऊन उतरंल. तुम्ही तेवढं त्या दिवशी वर उभं राहू नका म्हंजी झालं."

"मग मी कुठं उभा राहू?" आबासाहेबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी गमतीनं विचारला नव्हता. त्या ओट्याशिवाय दुसरी कुठली उभं राहायची जागा त्यांना खरोखरच ठाऊक नव्हती.

कचरूबांनी विचार केला. "उभं कशाला राहायचं आता या वयात? त्या दिवशी माझ्या घरी या, पैठणला. दोघं बसू. च्या घिऊ."

"येईन," आबासाहेब म्हणाले.

रूपानं स्कूटर आणली. कचरूबा एका हातानं गुडघा सावरत मागं बसले, आणि रूपानं जाता जाता अमृताकडे बघून मान हलवली. ती मैत्रीची होती की नुसती निरोपाची, हे अमृताला कळलं नाही. आबासाहेब फाटक धरून उभे राहिले. लहानपणच्या चिंचांपासून आजपर्यंत त्यांनी कचरूबाला बोलावलं होतं, दर आखितीला न चुकता फोन केला होता, पहिली ओंजळ दिली होती. स्कूटर छावणीच्या वळणावरून दिसेनाशी झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की पैठणला कचरूबाचं घर कुठे आहे, हे त्यांना माहीत नाही.